‘ग्राहक उपलब्ध नव्हता’: गोव्यातील ऑनलाइन खरेदीत अडणारी पार्सले, न येणारे पिकअप आणि रखडलेला परतावा

गोव्यात ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंबद्दल वारंवार ऐकू येणाऱ्या तक्रारी जवळून पाहिल्या, तर त्या बहुधा एकाच साच्याच्या असतात. पार्सल गोव्यात पोहोचल्याचे ॲपवर दिसते, सकाळी ते घराकडे निघाल्याचा संदेश येतो, घरातले कोणीतरी सगळी कामे बाजूला ठेवून दिवसभर थांबते आणि संध्याकाळी ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ असा शेरा उमटतो. वस्तू परत करायची असेल, तर हाच प्रकार उलट दिशेने घडतो. पिकअपला येणारा माणूस येत नाही, परत करण्याची मुदत मात्र सरत राहते आणि ती संपल्यावर ‘आता काही करता येणार नाही’ असे अत्यंत सौम्य शब्दांत कळवले जाते.

अशा वेळी बहुतेक जण कस्टमर केअरला फोन करतात आणि दर खेपेला नव्या माणसाला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगतात. त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही, कारण आपल्या ॲपवर जो शेरा दिसतो तोच त्या माणसाच्याही पडद्यावर असतो आणि त्यापलीकडचे त्याला काही ठाऊक नसते. म्हणून तक्रार करण्याआधी एक गोष्ट निश्चित करावी, ती म्हणजे या घटकेला वस्तू किंवा पैसे कोणाच्या ताब्यात आहेत. विक्रेता, विक्रीचे संकेतस्थळ, कुरिअर आणि बँक हे चार वेगवेगळे पक्ष आहेत, आणि चुकीच्या दाराशी केलेली तक्रार कितीही रास्त असली तरी तिथेच पडून राहते. दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. आपल्याविरुद्ध पडलेल्या प्रत्येक खोट्या शेऱ्याला त्याच दिवशी लेखी उत्तर गेले पाहिजे. पुढे जे लिहिले आहे त्याचा बराचसा भाग या दोन गोष्टींभोवतीच आहे.

पार्सल कुठे थांबले आहे

ॲपवर दिसणारा ऑर्डर क्रमांक आणि कुरिअरचा एडब्ल्यूबी क्रमांक (कुरिअरने पार्सलाला दिलेला, मागोवा घेण्याचा क्रमांक) या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ऑर्डरच्या तपशिलात कुरिअरचे नाव व हा दुसरा क्रमांक सहसा मिळतो. तो घेऊन थेट कुरिअरच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तिथे पार्सल कोणत्या हबमध्ये, म्हणजे कुरिअरच्या पार्सल-विभागणी केंद्रात, कधी स्कॅन झाले याची नोंद विक्रीच्या ॲपपेक्षा बरीच सविस्तर असते. शेवटचे स्कॅन पुणे, मुंबई, बेळगाव किंवा बंगळूरचे असेल, तर पार्सल गोव्यात आलेलेच नाही आणि स्थानिक डिलिव्हरी बॉयला दोष देण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात अनमोड किंवा चोर्ला घाटात दरड कोसळली, की रस्त्याने येणारा माल मागे खोळंबतो. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तू, अत्तरे आणि फवाऱ्याचे डबे यांच्या विमान वाहतुकीवर निर्बंध असल्यामुळे असा माल पुष्कळदा रस्त्यानेच येतो आणि सोबत मागवलेल्या इतर वस्तूंपेक्षा उशिरा पोहोचतो.

शेवटचे स्कॅन गोव्यातल्या हबचे असेल आणि पार्सल तिथून हलतच नसेल, तर दोष बहुतेक वेळा पत्त्यात किंवा पिनकोडात असतो.

गोव्याचा पत्ता

हा विषय थोडा विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण ऑनलाइन विक्रीचे पत्त्याचे रकाने शहरातील इमारत, रस्ता आणि सेक्टर डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. आपल्या गावांत रस्त्यांना नावे नसतात. पंचायतीने दिलेला घर क्रमांक असतो, पण तो घरांच्या रांगेप्रमाणे क्रमाने लागेलच असे नाही. शेजारच्या दोन घरांचे क्रमांक एकमेकांपासून पुष्कळ दूर असू शकतात. वाड्यांची नावेही गावोगाव तीच. देऊळवाडा, मधलावाडा, गावठण अशी नावे तालुक्यात अनेक ठिकाणी आढळतात, त्यामुळे केवळ घर क्रमांक व वाडा लिहून भागत नाही.

त्यात गावांच्या रोमन लेखनाची भर पडते. केपे ‘क्यू’ने, डिचोली ‘बी’ने आणि काणकोण ‘सी’ने लिहिण्याची जुनी पद्धत सरकारी कागदपत्रांत रुळलेली आहे, तर बाहेरून आलेला नवा डिलिव्हरी बॉय नकाशात उच्चाराप्रमाणे नाव टाकून शोधतो. शिरोडा फोंडा तालुक्यात आहे, तसाच तो सिंधुदुर्गात वेंगुर्ला तालुक्यातही आहे. फोंडा आणि कणकवलीजवळचे फोंडाघाट यांची गल्लत होते. सांताक्रूझ पणजीलगत आहे आणि मुंबईतही आहे. म्हणून तालुक्याचे नाव आणि ‘गोवा’ हे दोन शब्द पत्त्याच्या मुख्य ओळीतच लिहावेत, ते राज्याच्या रकान्यापुरते ठेवू नयेत.

पिनकोडाची चूक सर्वांत महागात पडते, कारण पार्सलांची हबवार विभागणी पिनकोडावरूनच होते. गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात आणि शेजारच्या सिंधुदुर्गाचे ४१६ ने. मात्र गोव्यातल्या गोव्यातही एका पिनकोडाखाली अनेक गावे असतात, आणि कधी एकाच वस्तीच्या दोन भागांचे पिनकोड वेगळे असतात. पर्वरी परिसरात ४०३५०१ आणि ४०३५२१ असे दोन्ही चालतात. आपले गाव कोणत्या टपाल कार्यालयाखाली येते हे भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावे. शेजाऱ्याच्या पत्त्यावरून पिनकोड उचलू नये.

मला उपयोगी वाटलेली पत्त्याची मांडणी अशी आहे. पहिल्या ओळीत घरमालकाचे नाव, घर क्रमांक व वाडा लिहावा. दुसऱ्या ओळीत अशी खूण द्यावी, जी नकाशावरही सापडेल आणि गावातल्या कोणालाही विचारता येईल; देऊळ, चॅपेल, प्राथमिक शाळा, रेशन दुकान किंवा बसथांबा यांपैकी एखादी. त्या खुणेपासून कोणत्या बाजूला, साधारण किती अंतरावर, हेही लिहावे. ‘वडाच्या झाडाजवळ’ ही खूण गावकऱ्याला पुरते, कुरिअरच्या माणसाला पुरत नाही. नकाशावर घराच्या दारावर नेमकी पिन रोवून तिचा दुवा तयार ठेवावा आणि डिलिव्हरी बॉयचा फोन येताच तो पाठवावा. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिन साधारण चार मीटर बाजूच्या चौकोनापर्यंत जागा दाखवतो. सगळ्या कुरिअर कंपन्या तो वापरतील असे धरून चालू नये, तरी सूचनांच्या रकान्यात तो लिहून ठेवल्याने नुकसान काही नाही.

सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या भागात मोबाइलचे नेटवर्क कच्चे असेल, तर पर्यायी क्रमांक म्हणून अशा माणसाचा क्रमांक द्यावा जो दिवसा नेटवर्कमध्ये असतो. नाक्यावरचा परिचित दुकानदार चालेल, अर्थात त्याला आधी विचारून. दिवाडीसारख्या बेटावर, जिथे पूल नाही आणि सगळा व्यवहार फेरीबोटीवर अवलंबून आहे, तिथे पणजी, रायबंदर किंवा जुने गोवे येथील नातेवाइकाचा अथवा कार्यालयाचा पत्ता देणे अधिक खात्रीचे ठरते. चतुर्थीच्या दिवसांत तर प्रत्येकाने पत्ता पुन्हा तपासावा. शहरातली कुटुंबे मूळ घरी गेलेली असतात, ॲपमध्ये मात्र फ्लॅटचा पत्ता कायम असतो. पार्सल बंद दारावरून माघारी जाते किंवा रखवालदाराकडे पडून राहते, आणि माणसे परत येईपर्यंत बदलून घेण्याची मुदत संपलेली असते.

कोणी आलेच नसताना पडलेला शेरा

हा शेरा का पडतो हे समजून घेतले, तर उपाय नेमका करता येतो. डिलिव्हरी बॉयच्या हातात सकाळी दिलेल्या प्रत्येक पार्सलाचा संध्याकाळपर्यंत काहीतरी निकाल ॲपमध्ये भरावा लागतो. अनेक ठिकाणी मोबदला पोहोचवलेल्या पार्सलामागे असतो. आतल्या वाड्यावरच्या एका पार्सलासाठी जाण्यायेण्याचे पेट्रोल त्या मोबदल्याहून अधिक होते, म्हणून ते पार्सल उद्यावर ढकलले जाते आणि शेरा मात्र ग्राहकाच्या नावावर पडतो. त्या तरुणांची अडचण खरी आहे आणि त्यांच्याशी सौजन्यानेच बोलले पाहिजे. तरीही त्यांच्या कंपनीने केलेल्या चुकीच्या नियोजनाचा भार ग्राहकाने वाहण्याचे काहीच कारण नाही.

असा शेरा काही वेळा पडला, की पार्सल आपोआप विक्रेत्याकडे परत पाठवले जाते. साधारणपणे तीन प्रयत्नांनंतर असे होते. म्हणून पहिल्याच शेऱ्याच्या दिवशी पुढील गोष्टी कराव्यात. फोनमधील कॉलच्या नोंदीचा आणि ॲपवरील शेऱ्याचा स्क्रीनशॉट, तारीख व वेळ दिसेल असा, काढून ठेवावा. अनोळखी क्रमांक अडवणारे ॲप फोनमध्ये असेल, तर अडवलेल्या क्रमांकांची यादीही पाहावी, कारण कुरिअरचे फोन पुष्कळदा अनोळखी क्रमांकावरून येतात आणि तिथे अडकतात. त्यानंतर चॅट किंवा ई-मेलवर, फोनवर नव्हे, साधारण असे लिहावे: ‘आज सकाळी १० ते सायंकाळी ७ या वेळेत मी दिलेल्या पत्त्यावर हजर होतो. माझ्या क्रमांकावर कोणताही फोन आला नाही. नोंदीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. ग्राहक उपलब्ध नव्हता हा शेरा मला मान्य नाही. पार्सल परत पाठवू नये आणि पुढील डिलिव्हरीची तारीख लेखी कळवावी.’ या मजकुरावर मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. असा क्रमांक देणे संकेतस्थळावर बंधनकारक आहे.

हबचा पत्ता शोधून तिथे स्वतः जाऊन पार्सल आणणे हा मार्गही अनेक जण पत्करतात. घाई असेल तर जरूर जावे, पण आधी लेखी आक्षेप नोंदवावा. आपण दर वेळी मुकाट्याने हबवर जात राहिलो, तर आपला वाडा डिलिव्हरीच्या फेरीत कधीच येणार नाही.

मागवणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे

गोव्यात ही स्थिती फार घरांत आहे. मुलगा जहाजावर नोकरीला, मुलगी आखातात किंवा पुण्यात, आणि वस्तू येते ती गावातल्या आईवडिलांकडे. ओटीपी मात्र खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्या फोनवर जातो, आणि तो त्या वेळी समुद्रात किंवा कामावर असतो. अशा घरांनी पत्त्याच्या रकान्यात घेणाऱ्याचाच फोन क्रमांक द्यावा. बहुतेक संकेतस्थळे पत्त्यागणिक वेगळा क्रमांक स्वीकारतात. तसे करूनही ओटीपी मूळ खात्यावरच जात असेल, तर आईवडिलांच्या फोनवर स्वतंत्र खाते उघडून तिथून मागणी नोंदवणे श्रेयस्कर. ओटीपी सांगणे म्हणजे वस्तू मिळाल्याची पावती देणे होय. म्हणून पार्सल दारात दिसल्याशिवाय, आणि दारातच उघडून दाखवण्याची सोय घेतली असेल तर वस्तू पाहिल्याशिवाय, तो कोणालाही सांगू नये.

याच घरांना फसव्या फोनांचाही धोका अधिक आहे. ‘पत्ता अपुरा आहे, या दुव्यावर पाच रुपये भरा’ किंवा ‘कुरिअरवाल्याशी बोलण्यासाठी तारा (*) आणि ४०१ ने सुरू होणारा क्रमांक लावा’ असे सांगणारा कोणीही असो, फोन ठेवून द्यावा. त्या दुसऱ्या युक्तीने आपले येणारे फोन, आणि फोनवर सांगितले जाणारे ओटीपी, परक्याकडे वळवले जातात. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

पार्सल उघडताना

कागदावरचे लेबल, चिकटपट्टी आणि खोक्याच्या सहाही बाजू दिसतील असा, मध्ये न तोडता केलेला व्हिडिओ हा एकमेव पुरावा असतो, जो नंतर तयार करता येत नाही. पावसाळ्यात खोके ओले आले असेल, तर उघडण्याआधी त्याचा फोटो वेगळा काढावा. लेबलवर वजन छापलेले असेल आणि खोके संशयास्पद हलके वाटत असेल, तर ते न उघडता किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून वजनाचा फोटो घ्यावा. मोबाइलच्या बाबतीत खोक्यावरचा व बिलावरचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जुळतो का ते पाहावे. मूळ खोके, पिशव्या आणि टॅग परतीची मुदत संपेपर्यंत कोरड्या जागी जपावेत.

पिकअपला कोणी येत नाही तेव्हा

एखाद्या पिनकोडावर वस्तू पोहोचवली जाते, म्हणून ती तिथून परत नेलीही जाईल असे नसते. या दोन सेवा वेगळ्या आखलेल्या असतात आणि गोव्यातल्या अनेक खेड्यांत पहिली आहे, दुसरी नाही. महागडी किंवा मापाची वस्तू मागवण्यापूर्वी उत्पादनाच्या पानावर परतीच्या अटी वाचाव्यात. आवडली नाही म्हणून वस्तू परत करण्याचा सरसकट अधिकार आपल्या कायद्यात नाही. ती सवलत संबंधित कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. सदोष, बनावट, वर्णनाशी न जुळणारी किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर आलेली वस्तू ही बाब मात्र वेगळी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशी वस्तू परत घेण्यास व पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणांचा अपवाद आहे. म्हणून परतीचे कारण निवडताना घाईने ‘आवडली नाही’ या पर्यायावर बोट ठेवू नये. शिवण उसवलेली असेल तर ‘सदोष’, रंग वेगळा असेल तर ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हेच निवडावे, कारण पुढचा सगळा हक्क त्या एका निवडीवर उभा राहतो.

आमच्या भागातील एका निवृत्त शिक्षिकेच्या मिक्सरचे प्रकरण मी जवळून पाहिले. पिकअप दोनदा ठरला, दोन्ही वेळा कोणी आले नाही आणि मग ‘ग्राहकाने परतीची विनंती मागे घेतली’ असा शेरा पडून प्रकरण बंद झाले. त्यांनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक शेऱ्याला लेखी हरकत घेतली होती आणि प्रत्येक हरकतीत ‘विनंती मुदतीत केलेली आहे, विलंब पिकअपचा आहे’ हे वाक्य होते. त्या पत्रव्यवहारामुळेच मुदत संपल्यानंतरही पैसे परत देण्याखेरीज कंपनीपुढे मार्ग उरला नाही. विनंती केव्हा केली ही तारीख निर्णायक असते, वस्तू केव्हा नेली ही नव्हे. हे कंपनीला आठवण करून द्यावे लागते.

स्वतः कुरिअरने किंवा टपालाने वस्तू परत पाठवण्याची सूचना आली, तर खर्च कोण देणार आणि कमाल किती हे आधी लेखी घ्यावे. स्पीड पोस्ट खेड्यातूनही करता येते आणि त्याचा मागोवा घेता येतो. पावतीचा फोटो लगेच काढावा, कारण तिच्यावरची शाई पावसाळी हवेत फार टिकत नाही.

परतावा

‘रिफंड दिला आहे, बँकेला विचारा’ आणि ‘आमच्याकडे काही आलेले नाही’ या दोन वाक्यांत ग्राहक अडकतो, तेव्हा संकेतस्थळाकडे एकच गोष्ट मागावी. ती म्हणजे परताव्याच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक: कार्डाने पैसे दिले असतील तर तेवीस अंकी एआरएन, यूपीआयने दिले असतील तर बारा अंकी आरआरएन. रिफंड खरोखर पाठवला असेल तर हा क्रमांक असतोच आणि त्यावरून बँक पैसे शोधू शकते. तो क्रमांक देता येत नसेल, तर पैसे अजून संकेतस्थळाकडेच आहेत असे मानून पाठपुरावा तिथेच करावा. खात्यातून पैसे गेले पण ऑर्डरच नोंदली गेली नाही, हा प्रकार निराळा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यावयास हवी आणि त्याहून उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. कंपनीच्या वॉलेटमध्ये रक्कम जमा करण्याचा पर्याय पुढे केला गेल्यास तो न स्वीकारता मूळ खात्यातच मागावी. रोख पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा परतावा खात्यात येतो, त्यासाठी खाते क्रमांक ॲपमध्येच भरावा, फोनवर कोणाला सांगू नये.

एवढे करूनही सुटले नाही तर

प्रत्येक संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क देणे २०२० च्या नियमांनी सक्तीचे केले आहे. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचे कळवले पाहिजे आणि एका महिन्यात ती निकाली काढली पाहिजे. हा पत्ता पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतो. तिथे ऑर्डर क्रमांक, एडब्ल्यूबी क्रमांक, तारखा, स्क्रीनशॉट आणि नेमकी मागणी एवढेच पाठवावे. मनस्तापाचे वर्णन थोडक्यात ठेवावे. त्याच्या जोडीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन निवाडा देत नाही, पण कंपनीकडे प्रकरण पोहोचवते आणि बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात.

त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आणि दक्षिण गोव्याचा मडगावला आहे. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेच तक्रार दाखल करण्याची मुभा दिली, त्यामुळे कंपनीचे कार्यालय बंगळूरला असले तरी सांग्याच्या माणसाला बंगळूर गाठावे लागत नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते. प्रतिपक्ष म्हणून विक्रेता आणि संकेतस्थळ या दोघांचीही नावे घालावीत, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता संकेतस्थळाकडे लेखी मागितल्यास तो देणे त्यांना भाग आहे. प्रकरण चालू असेपर्यंत सदोष वस्तू वापरू नये, दुरुस्त करून घेऊ नये आणि अडगळ म्हणून टाकूनही देऊ नये.